सोळा सूत्रे म्हणजे गणिताचा संपूर्ण अभ्यासक्रम नव्हे

“वैदिक गणिताची सोळा सूत्रे शिकवा, मग दहावीपर्यंत दुसऱ्या अभ्यासक्रमाची गरजच नाही,” असा संदेश इंदूरमध्ये मुलांना घरीच शिकवणाऱ्या मराठी पालकांकडेही वर्षानुवर्षे येत असतो. १९६५ साली छापल्या गेलेल्या एका पुस्तकातून सर्वत्र पोहोचलेल्या या सूत्रांमुळे आकडेमोड वेगाने होते, हे खरे आहे. पुढचा दावा मात्र तपासून पाहावा.

एका सूत्राचे उदाहरण म्हणून ९८ × ९७ घ्या. शंभराला अनुक्रमे २ आणि ३ कमी पडतात; ९८ मधून ३ वजा केल्यास ९५, आणि २ × ३ म्हणजे ०६, म्हणून उत्तर ९५०६. हीच रीत ४७ × ६८ ला लावल्यास ५३ × ३२ करावे लागते, म्हणजे तेवढाच मोठा गुणाकार पुन्हा समोर येतो. रीत चुकत नाही; पण ती का चालते आणि कुठे सोयीची, हे (१०० − क)(१०० − ख) चा विस्तार करता आल्यावरच कळते, आणि ते काम बीजगणिताचे आहे. भूमितीतील सिद्धता लिहिणे तर आकडेमोडीच्या वेगामुळे येतच नाही.

म्हणून इंदूरच्या खजुरी बाजारात, म्हणजे तिथल्या पुस्तकांच्या बाजारात, पुस्तक निवडताना एखादा धडा उघडून त्यात रीतीमागचे कारण दिले आहे का, हे आधी पाहावे. त्याहीपूर्वी मुलाला ३/४ + २/५ सोडवायला द्यावे, आणि उत्तर २३/२० आले तरी ते ५/९ का नाही, हे वहीत आकृती काढून सांगायला लावावे. सांगता आले नाही, तर मूल नववीच्या वयाचे असले तरी अपूर्णांकांपासून सुरू होणारेच पुस्तक घ्यावे.