गवती धावपट्टीचे उलटे गणित

सेस्ना १५२ हे दोन आसनांचे छोटे विमान गेली कित्येक दशके जगभरच्या शिकाऊ वैमानिकांच्या हाताखाली आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत अंतरांच्या तक्त्यांबरोबर दोन सूचना छापलेल्या असतात. धावपट्टी कोरड्या गवताची असेल, तर उड्डाणापूर्वीची जमिनीवरील धाव १५ टक्क्यांनी वाढवून धरावी आणि उतरल्यानंतरची धाव ४५ टक्क्यांनी. पहिली सूचना लगेच पटते, कारण गवत चाकांना अडवते आणि हवा तो वेग यायला अधिक अंतर लागते. मात्र तेच गवत उतरलेल्या विमानालाही अडवणार असेल, तर थांबण्याचे अंतर कमी व्हायला हवे. प्रत्यक्षात ते वाढते, आणि तेही उड्डाणाच्या तिप्पट प्रमाणात.

याचे कारण असे, की चाकाला होणारा रोध दोन निरनिराळ्या प्रकारांचा असतो. चाक मोकळेपणी फिरत असताना त्याच्या वजनाने माती दबते, गवत वाकते आणि त्यात थोडी ऊर्जा खर्ची पडते. जुहूच्या कोरड्या वाळूत सायकल चालवून पाहिलेल्या माणसाला हा रोध पायांतून कळलेला असतो. पक्क्या पट्टीवर तो चाकांवरील भाराच्या दोन-तीन टक्के भरतो, तर गवतावर पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जातो. ब्रेक दाबल्यावर मिळणारा रोध मात्र रबर आणि पृष्ठभाग यांच्या पकडीवर अवलंबून असतो. कोरड्या डांबरावर ही पकड भक्कम असते, पण गवताच्या पात्यांवर रबराला धरायला फारसे काही सापडत नाही. जोरात ब्रेक दाबला तर चाक अडकते आणि विमान घसरत पुढे जाते. गवताने फुकट मिळणारा रोध थोडा आणि गमावलेली पकड मोठी, असा हा व्यवहार असल्यामुळे उतरणाऱ्या विमानाचा त्यात तोटाच होतो. गवत ओले झाले की तोटा आणखी वाढतो. ब्रिटनमध्ये अशा पट्ट्या आजही मोठ्या संख्येने वापरात असल्याने तेथील नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने त्यांच्यासाठी सविस्तर गुणक दिले आहेत. कडक जमिनीवरचे अगदी आखूड आणि ओले गवत इतके निसरडे असते, की उतरण्याचे अंतर ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे त्यांत बजावले आहे. छान कापलेली हिरवळ पाहून नवख्याला धीर येतो; जाणता वैमानिक आधी ती ओली आहे का, हे विचारतो.

विमानविद्येच्या सुरुवातीच्या काळात गवत ही अडचण मानली जात नव्हती, उलट ती गरज होती. मुंबईचा विमानतळ १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला आणि त्याच सुमारास बॉम्बे फ्लाइंग क्लबही स्थापन झाला. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. फ्लाइंग क्लबांच्या त्या पिढीतील जिप्सी मॉथसारख्या विमानांना मुळात ब्रेकच नसत. शेपटाखाली चाकाऐवजी घसरपट्टी असे, ती मातीत रुतत ओढली जाई आणि तिच्यामुळेच विमान थांबे. अशा विमानाला गुळगुळीत सिमेंट सोयीचे नव्हते. शिवाय ऐसपैस मैदानात वारा ज्या दिशेने असेल तिकडे तोंड करून धावता येत असे, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा प्रश्न बराचसा टळे. पुढे पक्क्या पट्ट्या आल्या, दिशा ठरून गेल्या आणि आडव्या वाऱ्यात विमान सरळ ठेवण्याचे कसब हा प्रशिक्षणाचा वेगळा धडा झाला. मातीच्या मैदानाला मुंबईत एकच मोठा शत्रू होता, तो म्हणजे पावसाळा. जुहूचे मैदान त्या दिवसांत पाण्याखाली जाई, आणि टाटांच्या टपालविमानांना पुण्याचा आसरा घ्यावा लागे.

मऊ जमिनीवरून उडण्याची रीत शिकवताना प्रशिक्षक सर्वांत आधी एक गोष्ट बिंबवतो : चाकांवरचा भार शक्य तितक्या लवकर पंखांवर न्यायचा. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन तोच ठेवला तर उड्डाणवेगाच्या निम्म्या वेगाला पंख विमानाचा जेमतेम चौथा हिस्सा पेलतात. म्हणून धावेच्या आरंभापासून नाक वर-खाली करणारा नियंत्रणाचा दांडा मागे ओढून नाक उचललेले ठेवतात. त्यामुळे हा कोन वाढतो, उचल वाढते आणि पुढचे चाक मातीतून सुटते. या रीतीने विमान नेहमीपेक्षा कमी वेगाला जमीन सोडते, आणि खरी कसोटी येथूनच पुढे लागते. पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात आणि त्यांच्यामुळे विमानाला मागे खेचणारा रोध निर्माण होतो. जमीन पंखविस्ताराच्या अंतराहून जवळ असली की या भोवऱ्यांना पसरायला जागा उरत नाही आणि रोध घटतो. सेस्ना १५२ चा पंखविस्तार सुमारे दहा मीटर आहे, तेव्हा त्याहून बराच खाली, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, विमान ज्या वेगाला तरंगते त्या वेगाला ते वर चढू शकेलच असे नाही. अशा वेळी नाक किंचित खाली आणून, जमिनीला समांतर उडत वेग कमवावा लागतो. पहिल्यांदा शिकणाऱ्याला हे अत्यंत अस्वाभाविक वाटते, कारण समोर झाडे मोठी होत असतात आणि मन दांडा आणखी मागे ओढायला सांगत असते. तसे केल्यास तो कोन साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे जातो, पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल कोसळते.

आपल्याकडील उन्हाळा या हिशेबात आणखी भर घालतो. हवा तापली की विरळ होते. त्यामुळे पंखांना उचल, प्रोपेलरला पकड आणि इंजिनाला प्राणवायू, तिन्ही कमी मिळतात. समुद्रसपाटीचे प्रमाण तापमान १५ अंश सेल्सिअस धरतात, आणि त्यावरील प्रत्येक अंशामागे विमान सुमारे १२० फूट अधिक उंचीवर असल्यासारखे वागते. मे महिन्यात जुहूला ३५ अंश तापमान असेल, तर २,४०० फुटांचा फरक पडतो, म्हणजे समुद्रकाठचे विमान जवळपास माथेरानच्या पठारावर असल्यासारखे उडते. दमट हवेने त्यात थोडी आणखी तूट येते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेणूंहून हलका असतो. जुहू आज मुख्यतः हेलिकॉप्टरांचे ठाणे आहे. मुंबईचा विद्यार्थी विमान शिकायला धुळ्यासारख्या ठिकाणी जातो, आणि तेथे पारा चाळिशी ओलांडतो.

हे सारे घटक एकमेकांत मिळवायचे नसून गुणायचे असतात. समजा, प्रमाण हवेत पक्क्या पट्टीवरून धाव सुरू करून १५ मीटर उंची गाठायला ४०८ मीटर लागतात. ब्रिटिश गुणकांनुसार दर दहा अंशांना १.१ धरल्यास वीस अंशांसाठी १.२१, ओल्या गवतासाठी १.३, आणि सुरक्षेसाठी १.३३. गुणाकार दुपटीहून थोडा जास्त येतो आणि अंतर सुमारे ८५४ मीटर होते. यांपैकी एकेक घटक किरकोळ वाटतो, म्हणूनच अंदाजावर विसंबणे धोक्याचे ठरते.

कागदावरचे आकडे बरोबर आले तरी गवताची उंची आणि मातीचा ओलावा दररोज बदलतो, त्यामुळे धावताना पडताळणी हवी. त्यासाठी वैमानिक पट्टीच्या मध्याशी एखादा खांब किंवा झुडूप हेरून ठेवतात. तेथे पोहोचेपर्यंत उड्डाणवेगाचा ७० टक्के वेग आला नसेल, तर इंजिनाची शक्ती पूर्ण कमी करून थांबायचे. त्वरण सारखे असेल, तर वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे जवळजवळ निम्मा येतो. नियमाचा आधार एवढाच आहे. मात्र ही अट पाळल्याने चाके पट्टी संपण्याच्या आत उचलली जातील, इतकेच कळते. पलीकडच्या झाडांवरून जाण्यासाठी लागणारे अंतर त्यात धरलेले नसते, ते वेगळे मोजावे लागते.