कोल्ड एअर इनटेकने खरंच पॉवर वाढते का?

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत हमखास ऐकू येतं: कोल्ड एअर इनटेक (इंजिनला बाहेरची थंड हवा देणारा पाइप आणि फिल्टर) बसवा, दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढलीच समजा. रोजच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये असं काही होत नाही. कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा बंद डबा) बहुतेक गाड्यांत ग्रिलमागूनच बाहेरची हवा घेतो. हवा 3 अंशांनी थंड झाली, तर घनता वाढते जेमतेम 1 टक्का. पॉवरही फार तर तेवढीच. त्यात शंकूसारखा उघडा फिल्टर बॉनेटखाली असेल, तर सायनच्या ट्रॅफिकमध्ये तो इंजिनचीच गरम हवा ओढतो. आवाज मात्र दणदणीत वाढतो. (पोरांना तोच हवा असतो म्हणा.) फिल्टर खाली बंपरमागे नेला, तर पावसाळ्यात हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी गाडी पाणी खेचते. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.