क्वांटम संगणनातील संशोधन (ग्रामीण विदर्भ)

क्वांटम संगणनाचा संशोधक एकतर क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीचे मूळ एकक) घडवतो आणि हाताळतो, नाहीतर त्यांवर काय गणता येईल व होणाऱ्या चुका कशा निस्तरायच्या याचे गणित करतो. विदर्भातल्या खेड्यात राहून यांपैकी दुसरेच काम जमते.

अतिसंवाहक (थंडीत विजेला रोध न करणाऱ्या धातूंचे) क्यूबिट १० ते २० मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाला ठेवावे लागतात. हेलियम-३ व हेलियम-४ यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या त्यांच्या शीतयंत्राला अखंड वीज लागते. चंद्रपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा सर्वांना आधी आठवतो, पण खरी अडचण तासन्‌तास जाणाऱ्या विजेची आहे. डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह २०२४ मध्ये सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. अशी कामे मोठ्या संस्थांतच होतात.

गणिताचे काम लॅपटॉपवर होते, मात्र एका मर्यादेपर्यंत. ३० क्यूबिटची पूर्ण अवस्था साठवायची तर सुमारे १०७ कोटी संमिश्र संख्या, म्हणजे १६ गिगाबाइट मेमरी हवी. पुढे प्रत्येक क्यूबिटला मेमरी दुप्पट होते, आणि चाळीस क्यूबिटला घरचा कुठलाही संगणक पुरत नाही. त्रुटिसुधाराचा विषय मात्र या कचाट्यातून बराचसा सुटतो. क्लिफर्ड गटातील (क्यूबिटवरच्या ठरावीक प्रकारच्या) क्रियांचे अनुकरण साध्या संगणकावर झटपट करता येते, असे गॉट्समन-निल प्रमेय सांगते. त्यामुळे हजारो क्यूबिटचे त्रुटिसुधार संकेत (चुका ओळखून दुरुस्त करण्याच्या रचना) साध्या लॅपटॉपवर तपासता येतात. कमी साधनांत काम करू पाहणाऱ्या वैदर्भीय विद्यार्थ्याने हाच विषय आधी चाचपून पाहावा.

वाचनाची सोय आता आडगावीही आहे. आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरील शोधनिबंध फुकट मिळतात, आणि २०१६ पासून आयबीएमचे क्वांटम संगणक इंटरनेटवरून वापरता येतात. गावठाणाचा फीडर शेतीपंपांच्या फीडरपासून वेगळा झाला तिथे घरातली वीज तुलनेने टिकते. वावरातल्या मोटारीसाठी रात्रीची पाळी करणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

उणीव आहे ती मार्गदर्शकाची आणि फळ्यापुढे वाद घालणाऱ्या सोबत्यांची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर नेट, गेट किंवा जेस्ट देऊन पीएच.डी.साठी बहुतेकांना बाहेर जावे लागते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनची चारही केंद्रे बंगळूरु, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथे आहेत. त्यांतले संगणनाचे केंद्र बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे.