होकार-नकाराचं गणित

१७ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याबद्दलच्या एका दुरुस्तीवर मतदान झालं. चारच महिन्यांपूर्वी सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात मारली गेली होती. दुरुस्ती मंजूर व्हायला ६० मतं हवी होती, पडली ५४. विरोधातल्या ४६ जणांच्या यादीत हॅरी रीड यांचं नाव आहे. रीड हे तेव्हा सिनेटमधले बहुमताचे नेते होते आणि त्यांचा दुरुस्तीला पाठिंबा होता. तरीही त्यांनी विरोधात मत दिलं, कारण सिनेटच्या नियमानुसार फेटाळलेला प्रस्ताव पुन्हा मतदानाला आणण्याची मागणी जिंकलेल्या बाजूनं मत देणाऱ्यालाच करता येते. दुरुस्ती पडणार हे दिसल्यावर रीड मुद्दाम पलीकडे गेले, पुढची वाट मोकळी राहावी म्हणून. नोंदवहीत मात्र एवढंच उरलं: रीड, विरोधात.

आपल्या प्रतिनिधीनं शेतीवर, करांवर, शस्त्रांवर, पर्यावरणावर काय भूमिका घेतली, हे जाणून घेण्याचा मतदाराला पूर्ण हक्क आहे. भाषणांपेक्षा मतं पाहावीत, हा सल्लाही योग्यच आहे. पण सुटं मत फसवं असतं, आणि फसवणारी मतं अपघातानं पडत नाहीत.

१९५६ सालचं उदाहरण घ्या. शाळांच्या इमारतींसाठी केंद्राचा पैसा देणारं एक विधेयक अमेरिकी प्रतिनिधिगृहात आलं. न्यू यॉर्कमधल्या हार्लेमचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी ॲडम क्लेटन पॉवेल यांनी त्याला दुरुस्ती सुचवली की, ज्या शाळा वर्णानुसार मुलं वेगळी बसवतात त्यांना हा पैसा मिळू नये. शाळांना केंद्राचा पैसा देण्यालाच ज्यांचा विरोध होता अशा अनेक रिपब्लिकन सदस्यांनी या दुरुस्तीला पाठिंबा दिला. दुरुस्ती जोडली की शाळांत वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडचे डेमोक्रॅट मूळ विधेयकावर उलटतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. झालंही तसंच. दुरुस्ती मंजूर झाली आणि विधेयक पडलं. विल्यम रायकर या राज्यशास्त्रज्ञानं पुढे या घटनेची बारकाईनं चिकित्सा केली. आज कुणी ‘नागरी हक्क’ या मथळ्याखाली त्या दुरुस्तीवरची मतं मोजली, तर विधेयक बुडवायला निघालेल्यांनाही पैकीच्या पैकी गुण मिळतील.

मतं मोजायची पद्धत शास्त्रशुद्ध असावी, हा विचार तसा जुना आहे. १९२०च्या दशकात स्टुअर्ट राइस यांनी एक साधा निर्देशांक सुचवला: एखाद्या पक्षाच्या सदस्यांपैकी किती टक्के एका बाजूला गेले आणि किती टक्के दुसऱ्या बाजूला, यांतला फरक घ्यायचा. सगळे एकत्र राहिले तर १००, निम्मे-निम्मे फुटले तर शून्य. हा आकडा पक्षाबद्दल बोलतो, सदस्याबद्दल नाही. सदस्यांना गुण देण्याचं काम नंतर दबावगटांनी हाती घेतलं. १९४७ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक ॲक्शन’ ही उदारमतवादी संघटना वर्षातली २० महत्त्वाची मतदानं निवडते आणि प्रत्येक सदस्याला शंभरपैकी गुण देते.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती भात एकसारखा शिजलेला असतो म्हणून. दबावगट शितं वेचून घेतात. साहजिकच ते चुरशीची, पक्षांना समोरासमोर उभं करणारी मतदानं निवडतात. १९९२ साली जेम्स स्नायडर यांनी गणितानं दाखवून दिलं की, अशा निवडीमुळे मधले सदस्यही टोकाचे भासू लागतात. शिवाय गैरहजेरीचा प्रश्न असतोच. वर सांगितलेल्या संघटनेच्या हिशोबात गैरहजर राहिलेल्याचे गुण विरोधात मत दिल्यासारखेच कापले जातात. उलट ‘नॅशनल जर्नल’ या नियतकालिकानं २००७ सालासाठी ९९ मतदानं निवडली, त्यांपैकी बराक ओबामा ६६ मतदानांना हजर होते आणि त्यातल्या ६५ वेळा त्यांनी उदारमतवादी बाजू घेतली. त्यावरून ते त्या वर्षीचे सर्वांत उदारमतवादी सिनेटर ठरले. बाकीची ३३ मतदानं हुकली ती प्रामुख्यानं राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारामुळे, आणि प्रचारात असलेला उमेदवार परत येतो तो मुख्यतः पक्षासाठी निकराच्या मतदानालाच. २००३ सालासाठी याच नियतकालिकानं हाच मान जॉन केरी यांना दिला होता. तेही तेव्हा प्रचारातच होते.

मग निवड करायचीच नाही, सगळीच मतं घ्यायची, हा विचार कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थल या दोन संशोधकांनी १९८०च्या दशकात तडीस नेला. १७८९ साली भरलेल्या पहिल्या काँग्रेसपासूनची नावानिशी नोंदलेली प्रत्येक मतदान-यादी त्यांनी हिशोबात धरली. पद्धतीचं नाव ‘नॉमिनेट’.

तिचा गाभा समजायला सोपा आहे. पाच सदस्य एका सरळ रेषेवर डावीकडून उजवीकडे उभे आहेत असं समजा. प्रत्येक प्रस्ताव त्या रेषेला कुठेतरी छेद देतो: छेदाच्या एका बाजूचे ‘हो’ म्हणतात, दुसऱ्या बाजूचे ‘नाही’. पहिले दोन ‘हो’ आणि उरलेले तीन ‘नाही’ म्हणाले, तर रांग बरोबर आहे. पहिला आणि चौथाच ‘हो’ म्हणाला, तर एकतर रांग चुकली आहे किंवा ते मत अपवाद आहे. संगणक सदस्यांच्या जागा थोड्या सरकवतो, मग छेद सरकवतो, मग पुन्हा सदस्य, आणि मतांशी जास्तीत जास्त मेळ बसेपर्यंत हे चालू ठेवतो. छेदाच्या अगदी जवळ असलेला सदस्य कुठेही झुकू शकतो, दूरचा सहसा झुकत नाही, ही शक्यताही हिशोबात धरलेली असते. शेवटी प्रत्येकाला साधारण उणे १ ते अधिक १ यांमधला एक आकडा मिळतो. कोणता प्रस्ताव कशाबद्दल होता, हे संगणकाला सांगितलेलंच नसतं. त्याच्यापुढे फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ असतात.

यातून निघालेला निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो. कर, शिक्षण, बंदुका, गर्भपात, जंगलं असे शेकडो विषय, आणि तरीही पाचातली चारपेक्षा जास्त मतं या एका रेषेवरून बरोबर ओळखता येतात. जिथे एक रेषा अपुरी पडते तिथे दुसरी लागते, आणि ती कधी लागली हे पाहिलं तर अमेरिकेचा इतिहासच समोर येतो: गुलामगिरीचा काळ, चांदीच्या नाण्यांचा वाद, विसाव्या शतकाच्या मध्यातला नागरी हक्कांचा झगडा. १९६४चा नागरी हक्क कायदा प्रतिनिधिगृहात २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झाला, तेव्हा फूट पडली ती पक्षांपेक्षा उत्तर-दक्षिण अशी. आज ती दुसरी रेषा जवळपास विरून गेली आहे. पहिल्या रेषेवर दोन्ही पक्षांचे सदस्य एकेकाळी मध्यभागी मिसळलेले असत. या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्यात एवढी दरी पडली आहे की, सर्वांत मवाळ रिपब्लिकनही सर्वांत मवाळ डेमोक्रॅटच्या उजवीकडेच सापडतो.

रीड यांच्यासारखं एखादं डावपेचाचं मत या पद्धतीत हजारो मतांमध्ये बुडून जातं, हा तिचा मोठा फायदा. पण तिलाही एक आंधळा कोपरा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभूत सुविधांचा मोठा कायदा प्रतिनिधिगृहात २२८ विरुद्ध २०६ मतांनी मंजूर झाला. १३ रिपब्लिकन सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला, आणि ६ डेमोक्रॅट सदस्यांनी विरोध केला. त्या सहांमध्ये पक्षाच्या डाव्या टोकाच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ होत्या. हवामान आणि समाजकल्याणाचं मोठं विधेयक सोबत मंजूर व्हावं, असा त्यांचा आग्रह होता. पायाभूत सुविधांचं विधेयक एकटं त्यांना तोकडं वाटलं, विरोध करणाऱ्या रिपब्लिकनांना ते अवाजवी वाटलं. पण संगणकाला एवढंच दिसतं की त्या रिपब्लिकनांच्या बाजूनं गेल्या. अशी मतं साठत जातात आणि त्या प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा मवाळ ठरतात. टोकाची दोन माणसं उलट कारणांनी एकच बटण दाबू शकतात, हे लक्षात घेणारी सुधारित गणितं आता तयार झाली आहेत. तरी कारण मताच्या बाहेरच शोधावं लागतं.

दुसरी मर्यादा मतदाराच्या दृष्टीनं अधिक महत्त्वाची. एक आकडा सगळे विषय एकत्र मिसळतो. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड ५१ वर्षं सिनेटमध्ये होते आणि त्यांनी १८,०००हून अधिक मतं दिली. १९६४च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध ते सलग १४ तासांहून अधिक बोलले, १९६५च्या मताधिकार कायद्याविरुद्धही त्यांनी मत दिलं. १९८३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावानं राष्ट्रीय सुट्टी देण्याच्या विधेयकाला मात्र त्यांनी पाठिंबा दिला, आणि २००२ साली इराक युद्धाच्या ठरावाला विरोध केला. यांतला कोणता बर्ड खरा, हा प्रश्नच चुकीचा आहे. विषय वेगळे काढून, वर्षानुवर्षांच्या क्रमानं मांडले तरच हा माणूस कळतो.

विषयवार मांडणीचं सर्वांत प्रामाणिक काम मला ब्रिटनमध्ये दिसतं. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘पब्लिक व्हिप’ या स्वयंसेवी प्रकल्पानं संसदेतली मतविभाजनं, म्हणजे नावानिशी मोजलेली मतदानं, विषयांनुसार गटांत लावली. कोणत्या मताला किती वजन द्यायचं आणि गैरहजेरीचं काय करायचं, याचे नियम उघडपणे मांडले. ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळानं हेच काम पुढे नेलं. तिथे खासदाराची भूमिका त्याच्या पक्षाच्या भूमिकेशेजारी ठेवून पाहता येते. माझ्या मते संपूर्ण मांडणीत हाच भाग सर्वांत मोलाचा. पक्षासोबत दिलेलं मत पक्षाबद्दल सांगतं. पक्षापासून ढळलेलं मत माणसाबद्दल सांगतं.

भारतात हे सगळं करायला घेतलं तर काय होतं? खासदाराचं प्रगतिपुस्तक म्हणून आपल्यापुढे सहसा उपस्थिती, विचारलेले प्रश्न, चर्चांमधला सहभाग आणि खासगी विधेयकं हेच आकडे येतात. तेही उपयोगी आहेत. पण मतांचा हिशोब मांडायला बसलं की हाताशी काहीच लागत नाही, कारण बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकं आली. विरोधकांनी मतविभाजन मागितलं, गोंधळ झाला आणि विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. लोकसभेतही आधी तसंच झालं होतं. त्या कायद्यांविरुद्ध शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसून राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेण्याचं विधेयकही आवाजी मतदानानंच झालं. बाजार समितीबाहेरच्या खरेदी-विक्रीबद्दल आपल्या खासदारानं काय मत दिलं, असं लासलगावच्या कांदा उत्पादकानं विचारलं, तर कायदा येताना आणि जाताना, दोन्ही वेळची पानं कोरी आहेत.

जिथे मतं नोंदली जातात तिथे पक्षादेश असतो. १९८५ साली राज्यघटनेत आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेश मोडून मत दिलं किंवा परवानगीशिवाय मतदान टाळलं, आणि पक्षानं १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पैशांच्या जोरावर सरकारं पाडली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण तो नियम विश्वासदर्शक ठरावाला जसा लागू आहे तसाच साध्या विधेयकालाही. अशा सभागृहात राइस यांचा निर्देशांक शंभराला चिकटलेला राहणार. पूल-रोझेन्थल यांच्या रेषेवर माणसं दिसणारच नाहीत, फक्त पक्ष दिसतील. आणि पक्षच फुटला की आदेश कुणाचा, इथून वाद सुरू होतो. ४ जुलै २०२२ रोजी महाराष्ट्र विधानसभेत एकनाथ शिंदे सरकारनं १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास जिंकला, तेव्हा शिवसेनेचे दोन गट आपापला प्रतोद खरा म्हणत होते. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

घटनादुरुस्ती विधेयकांवर मात्र विशेष बहुमत मोजावंच लागतं, त्यामुळे तिथे नोंद सापडते. महिला आरक्षणाचं विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. विरोधातली दोन मतं असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही, हा त्यांचा आक्षेप होता. ‘महिलांचं प्रतिनिधित्व’ या रकान्यात हे मत नुसतं ‘विरोधात’ म्हणून मांडणं म्हणजे ओकासिओ-कॉर्टेझ यांच्याबाबत संगणकानं केलेली चूक पुन्हा करणं. त्यांचा आक्षेप पटो वा न पटो, तो मताशेजारी लिहिलाच पाहिजे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्याच अनुच्छेदात तरतूद आहे की, हजर सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी मागितलं तर प्रत्येकाचा होकार-नकार नावानिशी नोंदवावाच लागतो. तो निर्णय पीठासीन अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. लोकसभेच्या नियम ३६७ नुसारही मतविभाजन मागता येतं. पण मागणी अनावश्यक आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती मोजणी करू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदवली जात नाहीत. हे नियम अनुच्छेद ११८ खाली सभागृहानं स्वतः केलेले आहेत आणि सभागृहच ते बदलू शकतं. दहाव्या परिशिष्टाला हात लावायचा तर घटनादुरुस्ती लागेल. प्रत्येक विधेयकाचं शेवटचं मतदान नावानिशी घ्यायला ती लागत नाही, आणि त्यासाठीची बटणं खासदारांच्या बाकांवर आधीच बसवलेली आहेत.