भाषा सक्तीची, सहभाग ऐच्छिक: सांस्कृतिक सक्षमतेच्या निकषांची पार्श्वभूमी

१९७८ची अल्मा-आटा घोषणा आणि १९८६ची ओटावा सनद या आरोग्यावरच्या दोन आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांनी लोकसहभागाला आरोग्याच्या कामात मानाचं स्थान दिलं. पण वस्तीत चार भाषा आणि आजाराबद्दलच्या चार समजुती असतील, तर यंत्रणेने स्वतःत काय बदल करायचे, हे त्यांत तपशिलात आलं नाही. ते १९८९च्या एका अमेरिकी अहवालाने मांडलं. विषय होता अल्पसंख्य समाजांतल्या, भावनिक अडचणी असलेल्या मुलांच्या सेवांचा. त्याने संस्थांसाठी सांस्कृतिक सक्षमतेच्या, म्हणजे वेगळ्या भाषा-संस्कृतीच्या लोकांना नीट सेवा देण्याच्या क्षमतेच्या, सहा पायऱ्या सांगितल्या. ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ ही भूमिका त्यांत तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘सक्षमता’ या पाचव्या पायरीच्या दोन पायऱ्या खाली आहे. आजही अनेक संस्था तिथेच समाधानी असतात.

खरा वाद २००० सालच्या निर्णयाचा. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या संघराज्य सरकारने आरोग्यसंस्थांसाठी १४ निकष जाहीर केले. त्यांतले फक्त चार बंधनकारक होते आणि चारही भाषेबद्दलचे: मोफत दुभाषी, त्या सेवेची रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती, दुभाष्याची पात्रता, भाषांतरित पत्रकं आणि फलक. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि समाजाशी भागीदारी धरून नऊ निकष मार्गदर्शक, म्हणजे शिफारस केलेले पण बंधन नसलेले राहिले, एक निव्वळ ऐच्छिक. कारण कायदेशीर होतं. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्यांना मूळ देशावरून भेदभाव करायला बंदी केली होती आणि १९७४च्या एका शाळेच्या खटल्यामुळे भाषेची अडचण त्या कक्षेत आली होती. संस्कृतीसाठी असा आधार नव्हता.

भाषेची सक्ती हवीच होती. घरच्या माणसाला दुभाषी करू नये, हा दंडक तिच्यामुळेच आला. आईचं निदान मुलाने तिला समजावून सांगायचं, हा प्रकार क्रूर आहे. पण भागीदारी बंधनकारक न करणं ही चूकच होती. तपासणीत जे विचारलं जातं त्यालाच पैसा मिळतो, त्यामुळे पत्रकं तयार झाली आणि समाजाशी बोलणं मागे पडलं.

त्याचा परिणाम पत्रकांतच दिसतो. नेहमीची पद्धत अशी: एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा मूळ भाषेत आणायचं, म्हणजे उलट भाषांतर, मग ते मुळाशी ताडून पाहायचं. ही पद्धत शब्दशः भाषांतराला झुकतं माप देते. मजकूर जितका मुळाला चिकटलेला, तितकं उलट भाषांतर हुबेहूब जुळतं, आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून तिसरी पायरी हवी: त्याच समाजातल्या, कमी शिकलेल्यांसह, काही जणांपुढे मजकूर ठेवून ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं. ‘समजलं का?’ विचारलं तर संकोचाने ‘हो’च येतं. वेळ आणि पैसा कमी पडला की नेमकी हीच पायरी गळते. १९९९ मध्ये संशोधकांनी वरवरचे आणि खोलवरचे बदल वेगळे करून दाखवले. चित्रातले चेहरे आणि कपडे बदलले की लोक पत्रक हातात घेतात, पण वागणं बदलायला घरात निर्णय कोण घेतं, आजाराचं कारण काय मानलं जातं, लाज कशाची वाटते, हे धरून मजकूर नव्याने लिहावा लागतो. पहिलं काम चित्रकार करू शकतो, दुसरं त्या समाजातल्या माणसांवाचून होत नाही.

न्यूझीलंडमध्ये वाट वेगळी होती. तिथल्या मूळनिवासी माओरी समाजातल्या परिचारिकांच्या आग्रहातून १९९२ मध्ये ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ परिचारिका शिक्षणात आली. सेवा सुरक्षित होती की नाही हे ती घेणारा ठरवतो, ही तिची मुख्य अट. तिच्यावर जोरदार टीका झाली, पण ती टिकली. २०१९ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या नियामक संस्थेनेही सक्षमतेऐवजी सुरक्षिततेची भाषा स्वीकारली.

अमेरिकेत २०१३च्या सुधारणेत निकष १५ झाले आणि सगळे सारख्याच महत्त्वाचे मानले गेले. मात्र दुभाषी आणि भाषांतर यांच्यामागे कायदा तसाच उभा राहिला. आखणीत समाजाला बसवायचं की नाही, हे बऱ्याच ठिकाणी अजून संस्थाच ठरवते.