सुगंधामुळे घर विकलं जातं?

घर बघायला लोक येणार असले की सुगंधी मेणबत्त्या लावा, केक भाजायला ठेवा, रूम फ्रेशनर फवारा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि विकणाऱ्याचंच नुकसान करतो.

उग्र सुगंध आला की बघणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते, इथे काय लपवलंय? दमा किंवा अर्धशिशी असलेला माणूस तर एखादी खोली बघूनच बाहेर पडेल. शिवाय फ्रेशनर वास घालवत नाही, बहुतेक वेळा त्यावर दुसरा वास चढवतो.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, कारण सतत येणाऱ्या वासाला नाक काही मिनिटांत सरावतं. म्हणून आधी बाहेरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला घरभर फिरवा आणि मग मूळ शोधा. पडदे, गालिचे, गाद्या वास धरून ठेवतात. ते धुवा नाहीतर उन्हात टाका. कुबट वास म्हणजे बहुधा ओल. तिथे गळतीच दुरुस्त करायला हवी, नुसता रंग मारला तर डाग पुन्हा वर येतो.

बंद घरात गटाराचा वास आला तर लगेच घाबरू नका. सांडपाण्याच्या नळीच्या बाकात साचलेलं पाणी गटारातला वायू अडवतं. वापर नसला की ते आटतं. मोरीत बादलीभर पाणी ओता, बरेचदा तेवढ्यानं भागतं.

लोक येण्याआधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा. आणि ओलीबद्दल कुणी विचारलं तर काय दुरुस्त केलं ते सरळ सांगा.