क्षयरोग रानातून गोठ्यात आला? उलट!

‘रानटी जनावरं रोगट, त्यांच्यामुळेच आमच्या गुरांना टीबी होतो,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाची हकीकत मात्र नेमकी उलटी आहे.

गुरांना होणाऱ्या क्षयाचा जंतू मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. तो युरोपीय वसाहतवाल्यांच्या गुरांबरोबर दक्षिण आफ्रिकेत पोचला. क्रुगरच्या दक्षिण सीमेवर क्रोकोडाइल नदी आहे. साधारण १९५०-६०च्या दशकांत तिच्या पलीकडच्या गुरांकडून तो रानम्हशींत शिरला, असं मानलं जातं. त्यांच्यात तो सापडला थेट १९९० साली! तोवर रोग दक्षिणेकडच्या कळपांत चांगलाच मुरला होता. पुढे तो उत्तरेकडे सरकत गेला.

रानम्हशी दाटीवाटीनं, कळपानं राहतात, त्यामुळे श्वासावाटे जंतू सहज पसरतो. आजारी म्हैस कित्येक वर्षं धडधाकट दिसते. सिंहांना तो मुख्यतः अशा म्हशींच्या मांसातून मिळतो. मग सिंह खंगतात, काहींचे कोपर सुजतात. कुडू हरणांच्या कानाखाली गाठी येतात. हे वाचताना मला त्या मुक्या जिवांची फार कणव येते, कारण यात त्यांचा दोष काहीच नाही.

एकदा रानात मुरलेला जंतू पुन्हा गुरांत येऊ शकतो, हेही खरं. म्हणून आज क्रुगरभोवतीच्या गावांतल्या गुरांना धोका आहेच. पण पहिली पायरी गोठ्याची होती. त्यामुळे गुरांची नियमित ट्युबरक्युलिन चाचणी (क्षय ओळखण्यासाठी कातडीत टोचून केलेली तपासणी) आणि भक्कम कुंपण, दोन्ही हवीत. आणि दूध उकळूनच प्यावं. हा रोग माणसालाही होतो.